थेंबाला शिस्त लावणारा यंत्रकार

सकाळची घाईची वेळ. कामावर निघालेला गृहस्थ किका मारून मारून घामाघूम झालेला आणि स्कूटर मात्र ढिम्म. मग ती एका अंगाला तिरकी करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करायची आणि देवाचे नाव घेऊन आणखी एक किक मारायची. मध्यमवर्गीय मराठी घरांतील एका संपूर्ण पिढीने हा विधी इमानेइतबारे पार पाडला. गाडी तिरकी केल्याने तिच्या पोटात नेमके काय घडते, याचा विचार करण्याइतकी सवड त्या घाईत कुणाला असणार? पण या प्रश्नाचा माग काढत गेले, तर आपण एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत, वयाच्या दहाव्या वर्षी पोरक्या झालेल्या सुताराच्या एका मुलापाशी जाऊन पोहोचतो. त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

छत्रपती संभाजीनगरकरांचे तर या माणसाशी दुहेरी नाते आहे. १९८४ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याची कोनशिला बसली आणि १९८५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. वेरूळ-अजिंठ्याचे प्रवेशद्वार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातील हजारो घरांची चूल दुचाकीच्या धंद्यावर पेटू लागली. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकगठ्ठा खरेदी केल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. वाळूजची दुचाकी आणि ती आलिशान मर्सिडीज या दोहोंचे मूळ मायबाख यांच्या आराखड्यांत सापडते.

पोरका मुलगा

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी दक्षिण जर्मनीतील हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतार. पाच भावंडांचे हे कुटुंब पुढे श्टुटगार्टला आले. आधी आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले आणि दहा वर्षांचा विल्हेल्म उघड्यावर पडला. मुलांना कुणी आश्रय द्यावा, असे आवाहन आप्तांनी वर्तमानपत्रातून केले. त्याला प्रतिसाद मिळाला तो रॉइटलिंगेन येथील ब्रुडरहाउस या सेवाभावी संस्थेकडून. गुस्टाव वेर्नर या धर्मोपदेशकाने ही संस्था स्थापन केली होती. अनाथांना नुसते जेवूखाऊ घालून भागत नाही, त्यांच्या हाताला हुन्नर दिला पाहिजे, अशी तेथील रीत होती. संस्थेचे स्वतःचे यंत्रशाळेसह कारखाने होते. मुलाचा कल रेखाटनाकडे आहे हे हेरून वेर्नर यांनी पंधराव्या वर्षापासून त्याला आराखडे काढण्याचे शिक्षण दिले.

१८६३ मध्ये गॉटलिब डाइम्लर नावाचे तरुण अभियंते या यंत्रशाळेचा कारभार पाहण्यासाठी आले. मायबाख यांच्याहून ते बारा वर्षांनी मोठे. दोघांचे सूत असे जुळले, की डाइम्लर जेथे जातील तेथे मायबाख, हे पुढे ठरूनच गेले. १८६९ मध्ये कार्ल्सरूह आणि मग कोलोनजवळचा डॉइट्झ येथील इंजिन कारखाना असा त्यांचा प्रवास झाला. डॉइट्झमध्ये निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन सिद्ध केले. मायबाख तेव्हा तेथे आराखडा विभागाचे प्रमुख होते आणि ते इंजिन उत्पादनयोग्य करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मात्र ते इंजिन धूड होते आणि जळणासाठी शहराच्या गॅसवाहिनीला बांधलेले होते. चाकांवर बसून कोठेही जाऊ शकेल, असे हलके आणि वेगवान इंजिन डाइम्लर-मायबाख जोडीला हवे होते. ओटो यांच्याशी मतभेद झाल्यावर १८८२ मध्ये डाइम्लर बाहेर पडले आणि मायबाखही त्यांच्यामागे निघाले.

बागेतील कारखाना

श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे डाइम्लर यांनी घर घेतले आणि त्याच्या बागेतील काचघरात दोघांनी कामाला सुरुवात केली. दार बंद, आत रात्रंदिवस ठोकाठोक. येथे नकली नाणी पाडली जात असावीत, असा माळ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना वर्दी दिली, अशी हकीकत सांगितली जाते. पोलिसांना आत इंजिनाशिवाय काही सापडले नाही. १८८५ मध्ये येथेच उभ्या घड्याळासारखे दिसणारे एक आटोपशीर इंजिन तयार झाले. लाकडी सांगाडा, लाकडी चाके आणि तोल सांभाळण्यासाठी बाजूला दोन लहान चाके, अशा एका दुचाकीवर ते बसविण्यात आले. २६४ घनसेंटिमीटरचे, अर्ध्या अश्वशक्तीचे ते इंजिन. १० नोव्हेंबर १८८५ रोजी डाइम्लर यांचा मुलगा पाउल या वाहनावरून कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमला गेला. इंजिनाच्या तापलेल्या नळीमुळे बैठकीने पेट घेतल्याचेही सांगितले जाते. पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्या मोटारसायकलींची ही आद्य पूर्वज.

गॅसवाहिनीपासून सुटका झाली खरी, पण त्यातून नवाच पेच उभा राहिला. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. ढोबळमानाने एक भाग पेट्रोलला वजनाने पंधरा भाग हवा. पेट्रोल याहून फार कमी झाले तर इंजिन अडखळते आणि फार वाढले तर ठिणगीच विझते. सुरुवातीच्या इंजिनांत पेट्रोलने भरलेल्या भांड्यावरून हवा नेली जाई आणि ती जाताजाता वाफ उचलून घेई. या पद्धतीत एक उपजत दोष होता. पेट्रोलमधला हलका अंश आधी उडून जाई आणि जड गाळ मागे उरे. त्यामुळे सकाळी धावणारे इंजिन दुपारी कुरकुरू लागे. थंडी पडली की वाफ कमी, ऊन तापले की जास्त. एकाएकी वेग वाढवायचा झाला तर वाफ पुरी पडत नसे. तरंगत्या भागाच्या साह्याने हे प्रमाण सावरण्याचा प्रयत्न मायबाख यांनी १८८५ मध्येच केला होता. तरीही इंजिनाला हवे तेव्हा, हवे तेवढेच पेट्रोल कसे द्यावे, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही.

हॉटेलातील शोध

या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते त्यांच्या आयुष्यातील एका अवमानाच्या काळात. १८९० मध्ये डाइम्लर कंपनीची स्थापना झाली आणि भांडवलदार भागीदारांनी कारभार हाती घेतला. मायबाख यांना संचालक मंडळात जागा मिळाली नाही. देऊ केलेला करारही मानहानीकारक वाटल्याने फेब्रुवारी १८९१ मध्ये ते बाहेर पडले. डाइम्लर यांनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. त्यांनी पैसा पुरविला आणि १८९२ मध्ये कानश्टाटमधील हॉटेल हेरमान या बंद पडलेल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात मायबाख यांनी काम सुरू केले. जेथे पूर्वी मेजवान्या आणि नाच होत, तेथे आता लेथ फिरू लागली.

तेथेच १८९३ मध्ये फवारा कार्ब्युरेटर आकाराला आला. त्याची कल्पना समजायला सोपी आणि सुचायला महाकठीण होती. पेट्रोल एका छोट्या वाटीत यावे. वाटीत एक पोकळ तरंगता भाग, म्हणजे फ्लोट असावा. पातळी चढली की फ्लोटने वर येऊन सुईने, म्हणजे नीडलने येणारी वाट बंद करावी आणि पातळी उतरली की ती उघडावी. घराच्या गच्चीवरील टाकीत चेंडूच्या तोटीने पाणी जसे आपोआप थांबते, तसेच हे. या वाटीतून एक बारीक छिद्राची नळी, म्हणजे जेट, हवेच्या वाटेत उघडावी आणि पेट्रोल तिच्या तोंडाच्या किंचित खाली थबकलेले राहावे. दट्ट्या, म्हणजे पिस्टन मागे सरकला की इंजिन हवा ओढते, तेथील दाब उतरतो आणि वाटीवरील बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. तोंडाशी त्याचा फवारा उडतो. इंजिनाने जास्त हवा ओढली तर जास्त पेट्रोल, कमी ओढली तर कमी. जेवढी भूक तेवढाच घास, आणि वाढायला कुणी लागत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की हा शोध एकाच डोक्यातून आलेला नाही. बुडापेस्ट येथील दोनात बांकी आणि यानोश चोंका या हंगेरियन जोडीने १८९३ मध्येच, मायबाख यांच्या काही महिने आधी, अशाच फवारा कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले होते. फूलवालीच्या पाणी शिंपडण्यावरून त्यांना ही कल्पना सुचल्याची आख्यायिका हंगेरीत सांगतात. मात्र हा कार्ब्युरेटर प्रत्यक्ष रस्त्यावरच्या मोटारीत रुळविण्याचे आणि त्याच्या जोरावर इंजिनाचा वेग वाढवीत नेण्याचे श्रेय मायबाख यांच्याकडे जाते.

बिघाडाचा माग

थोर यंत्रकाराची ओळख अशी, की त्याची मांडणी समजली की तिचा बिघाडही समजतो. शंभरहून अधिक वर्षांनी वाळूजच्या रस्त्यावर बंद पडलेल्या मोपेडचे किंवा स्कूटरचे निदान मायबाख यांनी आखलेल्या वाटेवरूनच करावे लागते. टाकी, वाटी, सुई, छिद्र आणि हवा, हाच तो क्रम.

प्लग काढून पाहिला की अर्धे उत्तर हाती येते. वारंवार किक मारूनही तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. ओलाचिंब असेल तर ते पोहोचते आहे. एक तर ठिणगी नाही, नाही तर पेट्रोलच अति होते आहे. प्लग कोरडा असल्यास आधी टाकीकडे वळावे. कॉक उघडा आहे ना, रिझर्व्हवर करून काही फरक पडतो का, हे पाहावे. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून ती बाटलीत धरावी. पण इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत आणि आसपास विडीकाडी नसताना. धार सलग आली तर टाकी आणि कॉक निर्दोष. धार थोडा वेळ येऊन मंदावत असेल तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असण्याचा संभव मोठा. अशी गाडी चार-पाच किलोमीटर छान धावते, मग मरगळते आणि थोडी विश्रांती घेतली की पुन्हा चालू होते. झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला की चोर सापडला. मायबाख यांचे यंत्र बाहेरच्या हवेच्या दाबावर चालते. ती हवाच कोंडली तर पेट्रोल खाली येणार कसे?

धार चांगली असूनही प्लग कोरडाच राहत असेल तर दोष पुढे, वाटीच्या दारात. गाळणी बुजते किंवा नीडल चिकटून बसते. उलट नीडलखाली कचरा अडकला, ती झिजली किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला, तर वाट बंदच होत नाही. मग कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो, पेट्रोल जमिनीवर टपकते आणि प्लग काळा, ओला होतो. गाडी थांबल्यावर सुरू राहते, पण अॅक्सिलरेटर पिळला की गुदमरते, तेव्हा मुख्य जेटचा संशय घ्यावा. चोक ओढून सुरू होते, वेगात धावते, पण सिग्नलला थांबली की बंद पडते, तेव्हा मंद गतीचा छोटा जेट चोंदलेला असतो. जेट साफ करायचा तो हवेच्या दाबाने. तारेने टोकरले तर छिद्र मोठे होते आणि ज्या मोजमापासाठी मायबाख झटले, तेच बिघडते.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची गोष्ट तर आणखी वेगळी. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाई आणि चिकट ऑइल जेटमध्ये साचे. एकोणिसाव्या शतकातला तो जुना गाळच जणू पुन्हा अवतरे. स्कूटर तिरकी करण्याच्या विधीचे रहस्यही येथेच आहे. तिरकी केल्याने वाटीतील पातळी एका बाजूला चढते, चिकटलेला फ्लोट हलतो आणि थोडे जास्तीचे पेट्रोल इंजिनाच्या वाटेला लागते. म्हणजे घाईतला तो गृहस्थ नकळत मायबाख यांच्या फ्लोटलाच हलवून जागे करीत होता.

मुलीचे नाव, दुसऱ्याची कंपनी

हॉटेल हेरमानमधील कामाने कंपनीचे डोळे उघडले. डाइम्लर हेही मधल्या काळात कंपनीतून दुरावले होते. १८९५ मध्ये इंग्लंडमधील भांडवलदारांनी परवान्यासाठी मोठी रक्कम देऊ केली, पण डाइम्लर परत आले पाहिजेत या अटीवर. त्यांच्याबरोबर मायबाखही सन्मानाने, तांत्रिक संचालक म्हणून परतले. मार्च १९०० मध्ये डाइम्लर यांचे निधन झाले आणि तीस-पस्तीस वर्षांची ही जोडी फुटली.

त्याच वर्षी एमिल येलिनेक या धनाढ्य व्यापाऱ्याच्या मागणीवरून मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीची एक मोटार घडविली. बैठी चौकट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणि दोन फवारा कार्ब्युरेटर असलेली ही गाडी म्हणजे बिनघोड्याची बग्गी राहिली नव्हती. ती खऱ्या अर्थाने मोटार होती. येलिनेक यांनी तिला आपल्या मुलीचे नाव दिले, मर्सिडीज. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत तिने सर्वांना धूळ चारली आणि फ्रेंचांनी मायबाख यांना यंत्ररचनाकारांचा राजा म्हणून गौरविले.

राजाचे राज्य मात्र फार काळ टिकले नाही. गाडीवर नाव येलिनेकच्या मुलीचे, कंपनीवर नाव डाइम्लर यांचे. ज्याने आराखडा काढला त्याचे नाव कोठेच नव्हते. डाइम्लर गेल्यावर मायबाख यांच्या पाठीशी उभे राहणारे कुणी उरले नाही. त्यांचे अधिकार हळूहळू कमी करण्यात आले आणि १९०७ मध्ये, साठी ओलांडलेल्या या माणसाने कंपनी कायमची सोडली.

अनाथालयात वाढलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करण्याचे भय नसावे. झेपेलिनच्या अवाढव्य हवाई जहाजांसाठी भरवशाची इंजिने हवी होती. १९०९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि मायबाख यांचा मुलगा कार्ल तिचा प्रमुख झाला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमान-इंजिनांच्या उत्पादनाची बंदी आली, तेव्हा कार्लने मोटारींकडे मोर्चा वळविला आणि १९२१ मध्ये मायबाख हे नाव प्रथमच एका आलिशान मोटारीवर झळकले. पदवी न मिळविलेल्या विल्हेल्म यांना श्टुटगार्टच्या तंत्र विद्यापीठाने १९१६ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. २९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कानश्टाटच्या दफनभूमीत, डाइम्लर यांच्या समाधीपासून जवळच, त्यांना चिरविश्रांती मिळाली. ज्या कंपनीने त्यांना दोनदा दूर केले, तिच्याच वारसदार कंपनीच्या सर्वांत महागड्या मोटारी आज मर्सिडीज-मायबाख या नावाने विकल्या जातात, हा काळाचा न्याय म्हणायचा.

कार्ब्युरेटरनंतर

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ प्रदूषण निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता टाकीतला पंप दाबाने पेट्रोल पाठवितो आणि किती फवारायचे हे एक लहानसा संगणक ठरवितो. चेतक हे नाव २०२० मध्ये बाजारात परतले ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने. तिला तर पेट्रोलचा थेंबही लागत नाही. कान देऊन जेटचा दोष ओळखणाऱ्या गॅरेजमधील मिस्त्रींच्या विद्येचे आता काय होणार, हा या शहरापुढचा खरा प्रश्न आहे. कारण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यापुढे नवी अडचणही आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल ओलावा शोषते. पाणी फार झाले तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. जुन्या गाड्यांतील काही रबरी भागांनाही ते मानवत नाही. म्हणून दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या गाडीचा कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल काढून टाकणे, ही पूर्वी शहाणपणाची असलेली गोष्ट आता गरजेची झाली आहे.

तंत्र बदलले तरी माग काढण्याची रीत तीच आहे. इंजेक्शनच्या गाडीतही चावी फिरवल्यावर पंपाची घरघर ऐकू येते का, फिल्टर तुंबला आहे का, फवाऱ्याचे तोंड बुजले आहे का आणि हवा कोठून गळते आहे, हेच क्रमाने पाहावे लागते. उगमापासून निघावे, प्रत्येक टप्प्यावर थेंब पोहोचला की नाही हे तपासावे आणि जेथे तो अडला तेथेच हात घालावा. ही शिस्त ज्याच्या हाताला लागली, त्या मिस्त्रीचे साधन जुने झाले तरी विद्या जुनी होत नाही. रॉइटलिंगेनच्या अनाथालयाने एका पोरक्या मुलाच्या हाताला हुन्नर दिला आणि त्यावर साऱ्या जगाची चाके फिरली. दुचाकीवर पोट चालविणाऱ्या शहराने आपल्या कारागिरांच्या हातांना नव्या काळाचा हुन्नर द्यावा, हेच त्या यंत्रकाराचे उचित स्मरण ठरेल.